पावडरचं वुड ग्लू कालवताना गुठळ्या होतात. काय चुकतंय? आणि ते फेविकॉलपेक्षा चांगलं असतं का?

गुठळ्यांचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. सगळं पाणी एकदम ओतू नका. पिठल्याचं बेसन कालवतो तसं करा: थोड्या पाण्यात पावडर घोटून घट्ट लगदा करायचा, त्यात एकही गाठ उरली नाही की मग बाकीचं पाणी हळूहळू. पाच-दहा मिनिटं तसंच ठेवून पुन्हा ढवळा. प्रमाण डब्यावर असेल तेच. वजनाने ते सहसा दोन भाग पावडरला एक भाग पाणी, याच्या आसपास असतं. पण वाटीने मोजाल तर हिशोब वेगळा, कारण पावडर हलकी असते. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी नको. घोटूनही न मोडणारे खडे डब्यातच असतील, तर पावडरला ओल लागली आहे. ती फेकून द्या. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की हे हमखास होतं.

आता फेविकॉल. तुम्ही लिहिलंय की डब्यावर ‘युरिया रेझिन’ (युरिया आणि फॉर्मल्डिहाइड या रसायनांपासून केलेला ग्लू) आहे आणि सागाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून आरामखुर्चीचे वाकलेले हात करायचे आहेत. या कामाला पावडरच बरी. फेविकॉलसारखा पांढरा ग्लू वाळल्यावरही किंचित लवचिक राहतो. वाकवलेली पट्टी सतत सरळ व्हायला बघते आणि महिनोन्‌महिने तो ताण सोसताना थर हळूहळू सरकतात. युरिया रेझिन कडक होतं, सरकत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश लाकडी विमानाला सुरुवातीला केसिनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा ग्लू होता. पुढे त्याची जागा याच युरिया जातीने घेतली.

साध्या चौकटीला, ड्रॉवरला मात्र हा खटाटोप कशाला? तिथे फेविकॉल पुरे.

सागाची एक गोष्ट: लाकूड तेलकट असतं. रंधा मारल्यावर त्याच दिवशी चिकटवा, आणि त्याआधी ॲसिटोनच्या (तेलकटपणा काढणाऱ्या, झटकन उडणाऱ्या द्रवाच्या) फडक्याने पुसून ते उडून जाऊ द्या. ग्लू पातळ आणि सारखा पसरवा. फट भरायला त्याचा उपयोग करू नका, जाड थर वाळल्यावर तडकतो. पट्ट्या ज्या वाकड्या साच्यावर दाबून धरायच्या, त्यावर शिकंजे (क्लॅम्प) पुरेसे लावा, सगळ्या कडेने ग्लूचे बारीक थेंब बाहेर आले पाहिजेत. शिकंज्याचं लोखंड ओल्या ग्लूला लागलं तर लाकडावर काळे डाग पडू शकतात, म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद घाला.

वेळेचं गणित हवेवर असतं. 21 अंशांना तीन-चार तास टिकणारं मिश्रण 32 अंशांना तास-दीड तासात घट्ट होऊ शकतं. मे महिन्यात करणार असाल तर सकाळी लवकर, गार पाण्यात आणि लागेल तेवढंच कालवा. उलट डिसेंबरच्या रात्री 20 अंशांच्या खाली गेलं की ते नीट पकडत नाही. शिकंजे रात्रभर राहू द्या; वाकवलेल्या कामाला मी पूर्ण दिवस देतो.

पाण्याचं म्हणाल तर, प्लायवूडच्या दुकानात ‘एमआर’ (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे ओल सोसणारा) ग्रेड मिळतो तो सहसा याच जातीच्या रेझिनचा. दमट हवा सोसतो, पण कायम ओलं राहणं किंवा उकळतं पाणी नाही. खुर्ची उघड्या गच्चीत पावसात ठेवणार असाल तर इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा ग्लू) घ्या.

आणि मास्क लावा, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. या पावडरीत फॉर्मल्डिहाइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. बाहेर आलेला ग्लू ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसा. वाळला की तो काचेसारखा होतो, रंध्याची धार घालवतो आणि त्याची कपची बोटात घुसते.