दुनळीच्या उजव्या नळीतली पुंगळी बाहेर पडत नाही, काय करावं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे. दोन्ही बार मारून बंदूक उघडली की डावीकडची पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं टरफल, खटकन उडते, उजवीकडची मात्र जागेवरच बसून राहते. गोव्यात सत्तरी तालुक्याकडे हा त्रास पावसाळ्यानंतर बऱ्याच घरांत ऐकू येतो. आमच्याकडेही रानडुकरांपायी दुनळी आहे, त्यामुळे स्प्रिंगला हात लावण्याआधी काय पाहायचं ते सांगतो.

काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग बंदूक उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो ना, ते बघा. हे न करता पुढचं काहीच करू नका.

आता नळ्यांच्या मागच्या तोंडाशी काडतुसाची कडा टेकते तो लोखंडी तुकडा पाहा. दोन्ही नळ्यांना मिळून एकच तुकडा असेल तर तो एक्स्ट्रॅक्टर. तो पुंगळी थोडी वर उचलतो, पुढे ती बोटांनी काढायची. जुन्या दुनळ्या बऱ्याचशा अशाच असतात आणि लोक उगाच त्या बिघडल्या म्हणत बसतात. तुकडा मधोमध चिरून दोन झाला असेल तर तो इजेक्टर. तुमची डावीकडची उडते म्हणजे तुमची बंदूक इजेक्टरवालीच. आणि ज्या नळीतून बार सुटला तीच पुंगळी फेकली जाते. न उडालेलं काडतूस फक्त वर येतं. तेव्हा उजवा बार खरंच सुटला होता का, हेही आठवून पाहा. चाप ओढूनही बार सुटला नसेल तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा.

सगळं निदान एका गोष्टीवर आहे: अडकलेली पुंगळी नखाने ओढली तर सहज सरकते का?

सहज येत नसेल, घट्ट बसली असेल, तर इजेक्टरचा दोष नाही, चेंबरचा, म्हणजे नळीत मागे काडतूस बसतं त्या भागाचा आहे. आपल्याकडच्या दमट हवेत चेंबरला गंजाची बारीक खरखर येते आणि तिच्यावर प्लास्टिकचा, दारूच्या काजळीचा थर बसतो. बार सुटताना पुंगळी फुगून त्या खरखरीत रुतते. केरोसीनमध्ये बुडवलेला पितळी ब्रश चेंबरमध्ये गोल फिरवा. पुढेमागे नुसता ओढून भागत नाही. चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत पुसा आणि तेलाचा अगदी पातळ हात द्या. पॉलिश पेपर मात्र नळीत घालू नका, चेंबरचं माप बिघडलं की ते परत येत नाही. घरात कुणी खोबरेल लावत असेल तर तेही बंद करा, ते कालांतराने चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल चालतं.

काडतुसाची लांबीही तपासा. बऱ्याच जुन्या नळ्यांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं, बाजारातली बरीच काडतुसं ७० ची. काडतुसाचं माप धरतात ते उडाल्यानंतरच्या उघड्या तोंडाचं, म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरात भरताना बिनबोभाट आत जातं, पण तोंड उघडायला जागा उरत नाही. दाब वाढतो, पुंगळी रुतते. हे नुसतं गैरसोयीचं नाही, धोक्याचं आहे. नळीखाली चेंबरचं माप कोरलेलं असतं का पाहा, नसेल तर बंदूकवाल्याकडून मोजून घ्या.

पुंगळी बोटाने सहज निघत असेल तर इजेक्टरकडे वळा. तुकड्याखाली, काडतुसाची कडा बसते त्या खाचेत, काळा मळ साचतो. त्याचा दांडा ज्या भोकात सरकतो तिथे गंज धरतो. माझ्या मते निम्मा त्रास याच दोन जागांत असतो. केरोसीनचे दोन-चार थेंब सोडा, टूथब्रशने घासा, तुकडा बोटाने आतबाहेर करा. डावा आणि उजवा सारख्याच हलकेपणाने सरकायला हवेत.

तरीही उडत नसेल तर पुढच्या लाकडी दस्त्यातली इजेक्टरची हातोडी किंवा स्प्रिंग गेली असेल. दस्ता काढायचाच झाला तर बंदूक बंद असताना काढा. उघडी असताना काढलात तर सुटलेली हातोडी तशीच राहते आणि दस्ता परत बसवताना नाकी नऊ येतात. पारखण्यासाठी दोन्हीकडे स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसं घाला, दोन्ही चाप ओढा, उघडा. दोन्ही एकदम आणि सारख्या जोराने उडायला हव्यात. उजवी नुसती वर येऊन थांबली तर दोष पक्का.

आणखी एक खूण उडालेल्या पुंगळीच्या बुडावर सापडते. मधल्या, पिनचा ठोका बसतो त्या टोपीवरचा खड्डा गोल, स्वच्छ असायला हवा. त्याला एका बाजूला शेपटीसारखा ओरखडा असेल तर ठोका देणारी पिन मागे सरत नाहीये. ती टोपीत रुतलेली राहते आणि बंदूक उघडतानाही जड जाते.

पुंगळी फारच अडकली तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, कडा तुटते आणि इजेक्टर वाकतो. बार सुटलाय याची खात्री असेल तरच नळीच्या पुढच्या तोंडातून लाकडी काठीने हलके ढकला. न उडालेलं काडतूस अडकलं असेल तर काठी अजिबात नको, सरळ जाणत्याकडे न्या.

दुरुस्तीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: सफाई घरी करा, पण स्प्रिंग बदलणं, कानस मारणं गावच्या लोहाराकडे नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. परवाना वडिलांच्या नावावर आहे, म्हणून दुकानात तेच सोबत असावेत, नाहीतर त्यांची लेखी परवानगी तुमच्या हातात हवी. दुरुस्तीसाठी नेण्याची तेवढी मुभा कायद्यात आहे. निवडणूक जाहीर झाली की बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो, तेव्हा जमा करण्याआधीही चेंबर पुसून तेल लावून द्या. परत येईपर्यंत ती कापडी खोळीत पडून असते आणि कापड ओल धरतं.

दुकानात जाताना उजव्या नळीच्या उडालेल्या पुंगळ्या पेनाने खूण करून सोबत न्या. निम्मं काम कारागीर त्या बघूनच करतो.