नणंदेची कादंबरी मध्येच रेंगाळते, तिला सांगू की नको?

‘ताई, माझ्या नणंदेने कादंबरी लिहिलीये आणि सगळ्यात आधी मला वाचायला दिलीये. तालुक्याच्या वाचनालयातली ग्रंथपाल आणि वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात सापडलेली वाचनालयाची पुस्तकं दर शनिवारी एकेक करून परत आणून देणारा मुलगा, अशी हळूहळू फुलणारी लव्हस्टोरी. सुरुवात खूप आवडली, पण मग तो पुण्याला जातो, तिला वाटतं त्याचं लग्न ठरलं, शंभरेक पानं नुसतं झुरणं आणि शेवटी पटापट लग्न. दिवाळीत ती स्वतःच्या पैशाने छापणारे. नवरा म्हणतो, छान आहे म्हण आणि विषय संपव. खरं बोलले तर नातं बिघडेल का?’

अगं, तू नुसती कल्पना सांगितलीस तरी मला ती कादंबरी वाचावीशी वाटतेय! तो सगळी पुस्तकं एका पिशवीत घालून एका दिवसात देऊ शकला असता आणि देत नाही, त्यातच त्याचं प्रेम आलं, तोंडाने काही बोलायलाच नको. हे तिला नक्की सांग, कारण लिहिणाऱ्याला स्वतःचं काय जमलंय ते बऱ्याचदा कळत नाही, आणि मधली पानं दुरुस्त करायला तिला हेच उपयोगी पडणारे.

आता मधली शंभर पानं. वाचक थांबायला तयार असतो गं, इंग्रजी लेखिका जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्युएजन’ या कादंबरीत तर नायक-नायिका एकमेकांपासून आठ वर्षं लांब राहिलेले असतात आणि तरी आपण वाचत राहतो, कारण दर भेटीत काहीतरी सरकतं, कोण कुणाच्या शेजारी बसलं, कोण काय ऐकून गप्प झालं एवढंच, पण सरकतं. तुझ्या नणंदेकडे तर शनिवार आहेत! पाचवा शनिवार उचलून नवव्याच्या जागी ठेवला आणि काहीच बिघडलं नाही, तर त्यातला एक नकोच आहे. आणि जो गैरसमज एका फोनवर मिटला असता तो शंभर पानं ताणला की वाचकाला त्या दोघांचाच राग येतो. फोन न करण्याला तसंच कारण हवं, भीती म्हणा, मान म्हणा.

शेवट घाईत उरकलाय म्हणतेस, तर ऑस्टिनचीच गोष्ट तिला सांग. ‘पर्स्युएजन’चा शेवट ऑस्टिनने 1816 च्या जुलैमध्ये लिहून संपवला होता, त्यात दोघांचं जुळणं जवळजवळ दुसऱ्याच्या निरोपामुळे घडत होतं. तिला ते पटलं नाही, तब्येत ढासळत असताना तिने पुढच्याच महिन्यात ते नव्याने लिहिलं आणि नायकाचं ते प्रसिद्ध पत्र तेव्हा आलं. शेवट पुन्हा लिहिणं म्हणजे हरणं नाही.

कसं सांगायचं? सासूबाईंसमोर नको, जेवणाच्या टेबलावर तर नकोच, दोघीच बसा. आधी तिलाच विचार, तुला स्वतःला कुठे अडल्यासारखं वाटलं? बरेचदा लिहिणारीला ते माहीत असतं. मग ‘मधला भाग बोअर आहे’ असं मोघम न बोलता पान नंबर सांग, इथे मी वाचता वाचता फोन हातात घेतला, इथे परत रमले. पण तिथे काय लिहायचं ते सुचवू नकोस, ते तिचं काम आहे.

नवऱ्याचा हेतू चांगलाच आहे, पण छापल्यावर नातेवाईक अभिनंदन करतील आणि पुस्तक कपाटात ठेवून देतील, मधल्या पानांबद्दल तिला कोणीच बोलणार नाही. ती तुझ्याकडे आधी आली ते उगाच नाही. दोन-चार दिवस गप्प राहिली तर राहू दे, लगेच ‘रागावलीस का’ असे मेसेज नकोत. आणि प्रेसला अ‍ॅडव्हान्स दिला नसेल तर याच शनिवार-रविवारी बोल, दिला असेल तर छपाई पुढे ढकलता येते का तेवढं आधी तिला विचारायला सांग.