कॅटेगरी ३ करा, ॲनालायझरचं मात्र थांबवा

प्रश्न थोडक्यात असा: पुणे जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर, वय ३४. हातात महिना ५२,००० येतात, घरखर्च आणि हप्ते मिळून ३८,००० जातात. सहा लाखांची मुदत ठेव आहे. व्हायब्रेशन ॲनालिसिसची, म्हणजे कंपनांवरून मशिनचा बिघाड ओळखण्याची, कॅटेगरी २ (प्रमाणपत्राची दुसरी पातळी) झालीय, चार वर्षं रीडिंग घेण्याचं काम करतो. कॅटेगरी ३ चं पाच दिवसांचं प्रशिक्षण चेन्नईला, परीक्षेसकट ९५,००० अधिक जीएसटी. ते करावं का? आणि नोकरी सोडून ९ लाखांचा दोन चॅनेलचा ॲनालायझर (कंपनं मोजून तपासणारं उपकरण) घेऊन स्वतःचं काम सुरू करावं का? दोन कारखाने हंगामात दरमहा एकेक व्हिजिट द्यायला तयार आहेत, दर ७,००० रुपये.

पहिल्याचं उत्तर हो, पण पैसे तुमच्या खिशातून जाऊ नयेत. दुसऱ्याचं आत्ता तरी नाही.

प्रशिक्षणाचा खरा आकडा आधी बघू. ९५,००० वर १८ टक्के जीएसटी धरून १,१२,१०० होतात. जाणं-येणं आणि राहणं १८,००० धरा. म्हणजे १ लाख ३० हजार. हे प्रमाणपत्र जन्मभराचं नसतं, साधारण पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यामुळे ते वर्षाला २६,००० झिजणारी वस्तू आहे असं समजा. महिन्याला २,१७० रुपयांपेक्षा जास्त उत्पन्न, तेही कर भरून, वाढणार नसेल तर ती हौस झाली.

कारखान्यात पगार ग्रेडवर ठरतो, सर्टिफिकेटवर नाही. कॅटेगरी ३ ला किंमत येते ती बाहेर: सर्व्हिस कंपन्यांत, आखाती देशांतल्या रिफायनरीच्या कामात, जिथे टेंडरमध्येच आयएसओ १८४३६-२ ची, म्हणजे या प्रमाणपत्राच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, कॅटेगरी लिहिलेली असते तिथे. म्हणून कोटेशनमध्ये एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. परीक्षा घेणारी संस्था आयएसओ १७०२४ (व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचं मानक) खाली मान्यताप्राप्त आहे का? ‘कोर्स पूर्ण केला’ एवढंच सांगणारा कागद वेगळा आणि प्रमाणपत्र वेगळं. पहिल्यासाठी लाखभर रुपये मोजणारे कमी नाहीत. परीक्षा चार तासांची, शंभर प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. नापास झाल्यास फेरपरीक्षेचं शुल्क किती, हेही लेखी घ्या. ३६ महिन्यांच्या अनुभवाचा दाखला वरिष्ठांच्या सहीने लागतो, तो नोकरीत असतानाच मिळवून ठेवा. राजीनाम्यानंतर तीच सही किती अवघड होते ते सांगायला नको.

तुमची तयारी झालीय का, हे पारखायला बॉयलर फीड पंपाची मोटर घ्या. दोन पोलची, वेग समजा २,९७५ आरपीएम. तिचा दुप्पट वेग येतो ९९.१७ हर्ट्झ, आणि विजेच्या फ्रिक्वेन्सीची दुप्पट १०० हर्ट्झ. पहिला मिसअलाइनमेंटकडे, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत नसण्याकडे, बोट दाखवतो, दुसरा मोटरच्या स्टेटरकडे (स्थिर भाग) किंवा एअर गॅपकडे (स्थिर आणि फिरत्या भागांमधली फट). दोघांत अंतर जेमतेम ०.८३ हर्ट्झ. रोजच्या रूटसारखं १,००० हर्ट्झपर्यंत ८०० लाइन्सचं, म्हणजे तो पट्टा ८०० भागांत वाटून, रीडिंग घेतलंत तर एका लाइनची रुंदी १.२५ हर्ट्झ, म्हणजे आलेखातली दोन्ही शिखरं एकात मिसळणार. कपलिंग खोलून शिम (मोटरच्या पायाखालच्या पातळ पट्ट्या) बदलत बसाल आणि कंपन जागच्या जागी. २०० हर्ट्झपर्यंत १,६०० लाइन्स घ्या, रिझोल्यूशन ०.१२५ येतं, एका सरासरीला आठ सेकंद लागतात आणि शिखरं वेगळी दिसतात. हे तुम्ही आज करत असाल तर कॅटेगरी ३ चा पैसा वाया जाणार नाही. करत नसाल तर आधी एक हंगाम असलेल्याच उपकरणावर हात बसवा.

दुसरी कसोटी टर्बाइनची. कॅटेगरी ३ चा मोठा भाग म्हणजे ऑर्बिट (बेअरिंगमध्ये शाफ्टचा मध्य फिरतो तो मार्ग), रन-अप (मशिन वेग घेतानाचं रीडिंग), कोस्ट-डाउन (थांबतानाचं), रेझोनन्स आणि दोन प्रतलांतलं बॅलन्सिंग. को-जनरेशनच्या (कारखान्यातल्या वीजनिर्मितीच्या) टर्बाइनला प्रत्येक बेअरिंगवर काटकोनात दोन प्रोब आणि कीफेझर (शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक खूण देणारा सेन्सर) आहे का? मॉनिटरिंग रॅकला बफर्ड आउटपुटची, म्हणजे प्रोबचा मूळ सिग्नल जसाच्या तसा देणारी, सॉकेट्स आहेत, की फक्त एकच आकडा कळवणारा ४-२० मिलिॲम्पिअरचा सिग्नल बाहेर येतो? दुसरं असेल तर कंट्रोल रूममध्ये मायक्रॉनचा एक आकडा दिसेल, ऑर्बिट दिसणार नाही, आणि शिकलेलं सहा महिन्यांत विसराल.

वेळही यावरूनच ठरवा. बिगरहंगामात सुट्टी सोपी मिळते म्हणून लोक मे महिन्यात कोर्स उरकतात, आणि पुढचे पाच महिने एकही मोठी मशिन फिरत नसते. त्यापेक्षा गाळप संपताना टर्बाइन थांबवतील तेव्हाचा कोस्ट-डाउन रेकॉर्ड करून ठेवा आणि कोर्स सप्टेंबरमध्ये करा. परत आलात की बॉयलर पेटायच्या सुमारास रन-अप समोर असेल आणि तुलनेला जुना डेटा हाताशी.

आता पैसे कोणाचे? कोटेशन कारखान्याच्या नावावर, त्यांच्या जीएसटी क्रमांकासह मागवा. पगारदाराला या शुल्कावर प्राप्तिकरात वजावट नाही आणि १७,१०० चा जीएसटीही परत मिळत नाही. कारखान्याला मात्र तो खर्च दाखवता येतो आणि कराचा बराचसा भाग इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळतो. तोच कोर्स त्यांना तुमच्यापेक्षा स्वस्त पडतो. चीफ इंजिनिअरपुढे हे गणित मांडा, सोबत गेल्या हंगामात आयडी फॅन (बॉयलरचा धूर ओढणारा पंखा) किंवा फायब्रायझर (ऊस पिंजणारं यंत्र) अचानक थांबून किती तास गाळप बंद होतं ती लॉगबुकातली नोंद ठेवा.

ते बाँड मागतील, म्हणजे ठरलेल्या काळाआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याची हमी. द्या, पण दोन वर्षांपेक्षा जास्त नको, आणि रक्कम दरमहा कमी होणारी असावी: १ लाख ३० हजारांना २४ ने भागलं की महिन्याला सुमारे ५,४२० उतरले पाहिजेत. बाँड कोर्टात टिकत नाही या भरवशावर सही करू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली आहे.

कारखाना नाहीच म्हणाला तर मुदत ठेव मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. साडेआठ टक्क्यांनी घेऊन वर्षभरात समान हप्त्यांत फेडलंत तर व्याज सहा हजारांच्या आसपास. तेवढीच रक्कम १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जाने दोन वर्षांसाठी घेतलीत तर हप्ता ६,२४० आणि व्याज जवळपास २० हजार. तुमची महिन्याची शिल्लक १४,००० आहे, त्यामुळे पहिला रस्ता सहज झेपतो.

ॲनालायझरचं गणित वेगळंच आहे. ९ लाख म्हणजे जीएसटीसह १०.६२ लाख. तुमचे तीन लाख घातलेत आणि उरलेले ७.६२ लाख १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलेत, तर हप्ता साधारण १७,३४०. कॅलिब्रेशन आणि सॉफ्टवेअरला महिना ५,००० धरा, प्रवास आणि विम्याला ६,०००. घराचे ३८,००० मिळवले की महिन्याला ६६,३४० लागतात. ७,००० च्या दराने वर्षाला सुमारे ११४ व्हिजिट झाल्या. हातात किती आहेत? दोन कारखाने, पाच महिने, म्हणजे दहा. या ७० हजारांत वर्षाच्या हप्त्यांचा एक तृतीयांश भागतो. शिवाय एक व्हिजिट म्हणजे एक दिवस नव्हे, ३५-४० मशिन्स मोजल्या की दुसरा दिवस रिपोर्टमध्ये जातो. पीएफमधला मालकाचा वाटा आणि आरोग्य विमा जातो, तो यात धरलेलाच नाही.

त्यात वसुली. कारखान्याच्या तिजोरीवर पहिला हक्क उसाच्या एफआरपीचा (शेतकऱ्याला द्यायच्या सरकारी किमान दराचा), तुमचं ७,००० चं बिल रांगेत शेवटी. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून घ्या. लेखी करार असला तर सूक्ष्म उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं लागतं, उशिरावर चक्रवाढ व्याजही लागतं. पण दोनच ग्राहक असताना व्याजाची नोटीस पाठवायची हिंमत कोणाला होते?

तोवर नियुक्तिपत्रात बाहेरच्या कामाला मनाई आहे का ते वाचा. परवानगी मिळाली तर त्या दहा व्हिजिट भाड्याच्या उपकरणावर करा. कारखान्याचं उपकरण खासगी कामाला नेऊ नका, नोकरी त्यावरून जाते. दिवसाचं भाडं दराच्या निम्मं पडलं तरी वर्षाला ३५,००० होतात, हप्ते २ लाखांच्या वर आहेत. ॲनालायझरचा विचार पुन्हा करा तो सहा ग्राहकांच्या वार्षिक लेखी ऑर्डर हातात आल्यावर, आणि त्यातले निदान तीन साखरेबाहेरचे हवेत: कुरकुंभचे केमिकल प्लांट, फाउंड्री, पाणीपुरवठ्याचे पंप, ज्यांचा हंगाम मार्चमध्ये संपत नाही. त्या दिवशीही मुदत ठेवीतले २ लाख २८ हजार, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, मार्जिनमध्ये घालायचे नाहीत.