आई जिम्नॅस्ट, बाबा मल्लखांबपटू : मुलीत नेमकं काय उतरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पत्नी राज्य पातळीपर्यंत जिम्नॅस्टिक्स खेळलेली, तुम्ही कॉलेजपर्यंत मल्लखांब केलेला, मुलगी सहा वर्षांची. तिच्यात हे आपोआप उतरेल का, जिद्दही उतरते का आणि 'क्रीडा जनुक चाचणी' करावी का. इथे माझ्याआधी उत्तर देणाऱ्या दोघातिघांनी 'खाण तशी माती' म्हणून विषय मिटवला आहे. मला ते पटत नाही. मी बरीच वर्षं लहान मुलींना शिकवते आहे आणि जुन्या खेळाडूंच्या मुली माझ्याकडे भरपूर आल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

शरीर उतरतं, यात वाद नाही. माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकाचा साधारण ८० टक्के भाग आनुवंशिक असतो, असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं. हातापायांची लांबी, खांद्यांची रुंदी, झटक्यात ताकद देणाऱ्या स्नायूंचं प्रमाण, सांध्यांचा सैलपणा यांतही आईवडिलांचा वाटा मोठा. 'जिम्नॅस्टिक्समुळे उंची खुंटते' हा समज त्यातूनच आला. प्रत्यक्षात बुटक्या, आटोपशीर बांध्याच्या मुली या खेळात टिकतात, आणि त्यांचे आईवडीलही बहुधा कमी उंचीचेच असतात. सरावाने प्रौढ वयातली उंची कमी होते असं पुराव्यांतून दिसत नाही, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी २०१३मध्ये काढला होता.

लवचीकतेबद्दल मात्र सावध करते. मूल जन्मतःच सैल सांध्यांचं असलं की घरचे खूश होतात, 'बघा, न शिकवता ब्रिज करते'. तो ब्रिज (पाठ मागे वाकवून हातापायांवर केलेली कमान) नीट बघा. खांदे उघडतच नाहीत, सगळा बाक कमरेतून घेतलेला असतो. अशा मुलींच्या पोटाची, खांद्यांची आणि मनगटांची ताकद आधी वाढवावी लागते, नाहीतर बॅक वॉकओव्हर (मागे वाकून हातांवरून पाय पलीकडे टाकणं) सुरू झाले की कंबर दुखायला लागते. वारशाने आलेला हा गुण ताकदीवाचून धोक्याचा आहे.

आता मोठ्या खेळाडूंकडे बघू. अमेरिकन जिम्नॅस्ट नास्तिया ल्युकिनचं उदाहरण सगळेच देतात. वडील व्हॅलेरी १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाकडून दोन सुवर्ण आणि दोन रौप्य पदकं जिंकलेले. आई आना कोचनेवा १९८७ची ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्समधली (रिबन, चेंडू वगैरे घेऊन संगीतावर करायचा प्रकार) विश्वविजेती. मुलगी २००८मध्ये बीजिंगला ऑल-अराउंडची (सगळ्या साधनांवरचे गुण मिळून ठरणाऱ्या स्पर्धेची) ऑलिंपिक विजेती. वारशाचा याहून मोठा पुरावा कुठला, असं वाटणं साहजिक आहे. पण तिचा खेळ आठवून बघा. वडील फ्लोअरवर तिहेरी बॅक सॉमरसॉल्ट (हवेत मागे सलग तीन कोलांट्या) मारणारे, निव्वळ स्फोटक ताकदीचे. नास्तिया जिम्नॅस्टच्या मानाने उंच, सडपातळ, आणि टम्बलिंग (फ्लोअरवरच्या उड्या-कोलांट्या) हा काही तिचा सर्वांत भक्कम भाग नव्हता. ती जिंकली ती बारवरच्या कौशल्यावर आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत ताणलेल्या त्या देखण्या रेषांवर. त्या रेषांत मला नेहमी तिची आई दिसते. सांभाळायला कोणी नाही म्हणून ही पोर आईवडिलांबरोबर टेक्सासमधल्या जिममध्ये वाढली. या खेळाचे हाल भोगलेल्या त्या दोघांना तिने जिम्नॅस्ट व्हावं असं आधी वाटत नव्हतं. ती बघून बघून करू लागली आणि मग वडिलांनीच तिला घडवलं. यातलं रक्त किती आणि घर किती, हे कसं वेगळं काढणार?

त्याच दिवशी तिच्या शेजारी रौप्यपदक घेऊन उभी असलेली शॉन जॉन्सन जिम्नॅस्ट घराण्यातली नव्हती, हेही ध्यानात असू द्या.

जपानच्या कोहेई उचिमुराचंही तसंच. आईवडील दोघेही जिम्नॅस्ट आणि नागासाकी भागात त्यांची स्वतःची जिम. मुलगा २०१२ आणि २०१६चा ऑलिंपिक ऑल-अराउंड विजेता, शिवाय २००९ ते २०१५ दरम्यान सलग सहा वेळा विश्वविजेता. पाळण्यापासून ट्रॅम्पोलिन हाताशी असलेलं मूल आणि आठवड्यातून तीनदा तासभर हॉलला येणारं मूल यांची तुलना जनुकांवर ढकलता येत नाही.

जनुकं सारखी असून काय होतं ते पॉल आणि मॉर्गन हॅम या अमेरिकन भावांत दिसतं. एकसारखे जुळे, एकच घर. दोघेही २००४च्या अथेन्स ऑलिंपिक संघात होते आणि दोघांना सांघिक रौप्य मिळालं. म्हणजे क्षमता दोघांतही होती. पण ऑल-अराउंडचं सुवर्ण एकट्या पॉलला मिळालं. वारसा तुम्हाला एका पातळीच्या आसपास नेऊ शकतो. त्यापुढचं दुखापती, सराव आणि त्या दिवशीचं डोकं ठरवतं.

जिद्दीचं उत्तर अवघड आहे, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं. हालचालीची ओढ काही अंशी जन्मजात असते. अमेरिकेत थिओडोर गारलँड यांनी १९९३पासून, चाकावर आपणहून जास्त पळणाऱ्या उंदरांचीच पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली. ते उंदीर आज साध्या उंदरांच्या जवळपास तिप्पट पळतात, कोणी पळवत नसताना! तेव्हा तुमची मुलगी घरभर कार्टव्हील मारत असेल तर त्यात तुम्हा दोघांचा वाटा असू शकतो. पण हॉलमधली जिद्द म्हणजे ही ओढ नव्हे. बारवर किप (लटकून झोका घेत हातांच्या आधारावर बारच्या वर येणं) येत नाही, तळहात सोललेले आहेत, बरोबरीच्या मैत्रिणीला आलंय, आणि तरी मुलगी उद्या पुन्हा तिथेच लटकायला येते, ती जिद्द. खेळाडूंच्या मुली सुरुवातीला पुढे असतात. उलटं होण्याची भीती नसते, हँडस्टँड घरी भिंतीला लावून झालेला असतो, आणि त्या पडल्या तर बाकावर बसलेली आई किंचाळत नाही. (हे शेवटचं फार मोलाचं आहे. पालकांच्या चेहऱ्यावरची भीती मुलं लगेच उचलतात.) दोन-तीन वर्षांत इतर मुली त्यांना गाठतात. पुढे कोण टिकणार हे आईच्या पदकांवरून मला आजवर ओळखता आलेलं नाही.

आपल्याकडची दीपा कर्माकर घ्या. वडील आगरताळ्यात वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक, म्हणजे घरात खेळ होता, पण जिम्नॅस्टिक्स नव्हतं. त्यात तळवे सपाट, म्हणजे धावून उडी घेण्याच्या खेळात सरळसरळ तोटा. तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी सरांनी तिच्या पायांवर कितीतरी काळ मेहनत घेतली. तीच मुलगी २०१६ला रिओमध्ये प्रोदुनोव्हा व्हॉल्ट (हातांवरून उडून हवेत पुढे दोन कोलांट्या घ्यायची अवघड उडी) मारून १५.०६६ गुणांसह चौथी आली, कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकलं. कागदावर तिचे पाय बघून कोणी तिला निवडलं असतं का?

म्हणूनच जनुक चाचणीवर पैसे घालवू नका. अशा चाचण्यांत हमखास तपासलं जाणारं जनुक म्हणजे एसीटीएन-३. त्याच्या एका प्रकारात वेगवान स्नायूंमधलं एक प्रथिन तयारच होत नाही, आणि जगात साधारण पाचातल्या एका माणसात हा प्रकार सापडतो. वेगाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंमध्ये तो कमी दिसतो हे खरं, पण हे प्रथिन नसलेला एक स्पॅनिश लांब उडीपटू ऑलिंपिक खेळून आला आहे. मुलांमधली गुणवत्ता हेरायला या चाचण्या वापरू नयेत, असं क्रीडा-जनुकशास्त्रातल्या तज्ज्ञांनी २०१५मध्ये एकत्रितपणे सांगितलं आहे. त्याच पैशात चांगल्या, जाड मॅट असलेल्या हॉलची फी भरा.

सध्या आठवड्याला तीन दिवस पुरेत. घरी परतताना 'आज काय आलं?' असं विचारण्याऐवजी ती आपणहून काय बोलते ते ऐका. न जमलेल्या गोष्टीबद्दल ती स्वतःहून बोलत असेल, सोफ्यावर तीच करून बघत असेल, तर पुढच्या वर्षी दिवस वाढवा. हॉलला जाताना पोट दुखायला लागलं तर आधी कोचशी बोला, लगेच खेळ बंद करू नका. मनगट किंवा कंबर आठवडाभर दुखत राहिली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. वाढत्या हाडांची टोकं नाजूक असतात.

पत्नीने स्वतः शिकवावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. पहिली काही वर्षं नको. व्हॅलेरी ल्युकिननी मुलीला शिकवलं हे खरं, पण ते त्यांचं रोजचं काम होतं आणि इतरही मुलं तिथे शिकत होती. तुमच्या घरी ती एकटीच असेल, आणि जेवणाच्या ताटावरही किपच निघेल. पत्नीला हॉलमध्ये यायचंच असेल तर त्यांनी दुसऱ्या गटाला शिकवावं, कोणताही क्लब आनंदाने घेईल. तुम्ही मात्र तिला रविवारी दोरीच्या मल्लखांबावर जरूर न्या. पकड आणि खांदे त्याने छान तयार होतात, आणि उंचीची भीती हळूहळू मोडते.