चेटूक, चेडा आणि ‘गो चेडवा’

लग्न होऊन पुण्याहून कुडाळात आलेल्या एका ताईंनी विचारलंय: सासूबाई मला ‘गो चेडवा’ अशी हाक मारतात. शेजारचे काका थट्टेने म्हणाले, ‘चेडू म्हणजे चेटकीणच की!’ या दोन शब्दांचं खरंच काही नातं आहे का?

नातं आहे, पण काका म्हणतात तसलं नाही. मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, लेक. बस्स.

मूळ शब्द संस्कृतातला चेट किंवा चेटक, म्हणजे नोकर. चेटी म्हणजे दासी. दोन स्वरांमधल्या ‘ट’चा प्राकृतात ‘ड’ होतो. घोटकाचा घोडा झाला, कीटकाचा किडा झाला, तसाच चेटकाचा चेडा. नोकर आणि पोरगा हे अर्थ एकमेकांत मिसळणं आपल्याला नवं नाही. टपरीवरचा ‘पोऱ्या’ बघा, किंवा ‘गडी’ घ्या: नोकरही तोच, खेळाडूही तोच. गोव्याच्या कोकणीत चेडो-चेडूं म्हणजे मुलगा-मुलगी. आमच्या मालवणीत मुलाला ‘झील’ म्हणायला लागले आणि चेडू तेवढं उरलं.

मग चेडा गेला कुठे? तो भूत झाला. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत हा चेडा नेहमी कुणीतरी ‘ठेवलेला’ असायचा. सांगितलेली कामं मुकाट करायचा, आणि मालकाने त्याचा नैवेद्य चुकवला की मालकावरच उलटायचा. मेल्यावरही बिचाऱ्याची चाकरी सुटली नाही!

चेटूक हे त्याच चाकराकडून करवून घेतलेलं काम. त्यातला ‘ट’ टिकलाय, म्हणजे तो शब्द तोंडोतोंडी झिजत आलेला नसावा. मांत्रिकांच्या पोथ्यांतून पुन्हा उचललेला असावा, असं मला वाटतं. जो करतो तो चेटक्या, जी करते ती चेटकीण. पण चेटक्या कुणी म्हणतं का? माणसांनी सगळा आळ बाईवर ठेवला आणि भाषेने तोच जपला. गंमत म्हणजे ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातल्या खलनायक शकाराचा चेट, गाडीवान स्थावरक, मालकाने सांगूनही वसंतसेनेला मारायला नकार देतो. चेटूक करणाऱ्यांच्या कामाचा नव्हे तो.

बोलण्यात मात्र कोकणात चेटूक फारसं येत नाही. तिठ्यावर हळदकुंकू लावलेला नारळ आणि कापलेलं लिंबू दिसलं की आमची आजी हात धरून मागे खेचायची, ‘ओलांडू नको हां!’ कुणीतरी आजारी माणसावरून ओवाळून टाकलेला तो ‘उतारा’. त्या आजारपणामागे कुणाचा हात असल्याचा संशय आला की शब्द यायचा ‘करणी’, नाहीतर ‘देवस्की’. चेटूक गोष्टींच्या पुस्तकात राहिलं. आणि करणी म्हणजे नुसती कृती. ‘देवाची करणी नि नारळात पाणी’ म्हणताना कुणाला भीती वाटते? तोच शब्द शेजाऱ्याच्या नावापुढे लागला की आवाज खाली येतो.

महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत जारणमारण, करणी आणि चेटूक हे तिन्ही शब्द ओळीने येतात. त्याच कायद्याच्या लांबलचक नावात ‘समूळ उच्चाटन’ आहे. आता तंत्रातली षट्कर्मं बघा: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण. उच्चाटन म्हणजे मंत्राने माणसाला जागेवरून उखडून लावणं. जादूटोणा घालवायला शब्द आणला तो मांत्रिकाच्याच पोतडीतला!

तर ताई, सासूबाईंच्या ‘गो चेडवा’ला खुशाल ‘ओ’ द्या. फक्त चेडू आणि चेडी यांत गल्लत करू नका. चेडी म्हणजे आधी दासी होती, आता सरळ शिवी आहे. गोव्याच्या बाजूला तर चारचौघांत उच्चारूही नका.