जनुकं तपासून हार्ट फेल्युअरवर औषध सापडतं का?

धुळ्यात वडिलांवर हार्ट फेल्युअरचे उपचार सुरू आहेत, म्हणून तुम्ही विचारलंय. दिशा नक्की सापडते. प्रत्यारोपणात काढलेल्या हृदयाचा तुकडा घेऊन त्यातला आरएनए, म्हणजे कोणतं जनुक किती काम करतंय हे दाखवणारा रेणू, निरोगी हृदयाशी ताडून बघतात. बीएनपी या, हृदयावर ताण आला की स्रवणाऱ्या संप्रेरकाच्या जनुकाचं काम वाढलेलं दिसतं, पेशीत कॅल्शियम साठवणारा सर्का पंप घटलेला. पण केळीचं पान पिवळं पडलं म्हणून रोग पानातच असतो असं नाही. आपण बुंध्याशी उकरून बघतोच ना? तसंच, बदललेलं जनुकच आजाराचं मूळ असेल असं नाही. सर्काचं जनुक विषाणूवाटे हृदयात पोहोचवलं, तरी 250 रुग्णांच्या क्युपिड 2 चाचणीत फायदा दिसला नाही. आता एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचतात, त्यामुळे स्नायूपेशीत काय बिघडलंय आणि जखमेचा व्रण तयार करणाऱ्या पेशीत काय, हे निरनिराळं कळतं. यातून नवं औषध मिळेपर्यंत वडिलांच्या चालू गोळ्या एक दिवसही चुकवू नका.