सायलेन्सरचं नंतर पाहू, आधी तारीख

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. अशी पत्रं दर पावसाळ्यानंतर येतात, म्हणून उत्तर इथेच देतो. गाडी रॉयल एनफील्डची बीएस-६ हिमालयन ४११ मोटारसायकल. बाहेरचा सायलेन्सर बसवलेला, मूळ एअरबॉक्स (इंजिनाला हवा पुरवणारा बंद डबा) काढून उघडा कोन फिल्टर लावलेला. २० जुलै २०२४ रोजी पाटणच्या पुढे एका फरशी पुलावरून वाहत्या पाण्यात शिरले, शेवाळावर पुढचं चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. उभी करून दोनदा सेल्फ मारला, तेवढ्यात इंजिन जाम. एस्टिमेट ९४ हजारांचं. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी विमा कंपनीचं पत्र आलं : वाहनात न कळवलेले बदल आढळले, सबब दावा नामंजूर. तेव्हापासून ते कस्टमर केअरला मेल करत आहेत. त्यांचा मला प्रश्न मात्र हा : "सायलेन्सर बदलणं खरंच बेकायदा आहे का? सगळेच लावतात. माझी पीयूसीसुद्धा पास आहे."

प्रश्न चुकला आहे. तुमच्या प्रकरणाचा निकाल सायलेन्सरवर लागणार नाही, मुदतीवर लागेल. आणि ती मुदत तुम्ही मेल लिहिण्यात घालवली आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ : वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुम्ही अठरा मेल पाठवा नाहीतर ऐंशी, पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. कंपनीने नंतर कधीतरी "आमचा निर्णय कायम आहे" असं उत्तर दिलं, तर त्या उत्तरापासून नवी दोन वर्षं सुरू होत नाहीत. आता ही दोन वर्षं मोजायची कुठून? साधारणपणे दावा फेटाळल्याच्या पत्रापासून, म्हणजे ११ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण त्या दिवशी रविवार आहे, आदल्या दिवशी दुसरा शनिवार. सुट्टीचा फायदा कायदा देतो, तरी तो युक्तिवाद करण्याची पाळी स्वतःवर आणू नये. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. कांदिमल्ला राघवय्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आगीच्या विम्याची मुदत आग लागल्याच्या तारखेपासून मोजली होती. तिथली हकीकत तुमच्यापेक्षा वेगळी, तिथे वर्षानुवर्षं काहीच केलेलं नव्हतं. पण कंपनीचा वकील तो निवाडा समोर ठेवणार, हे मी आजच सांगतो. तेव्हा तुम्ही अपघाताची तारीख धरा. २० जुलै २०२६, सोमवार. तक्रार त्याआधी दाखल झालेली असली, की मुदतीचा वाद उभाच राहत नाही.

मुदत हुकली तर कलम ६९ मध्येच विलंबमाफीची तरतूद आहे, पण उशिराचं सबळ कारण शपथेवर द्यावं लागतं. आजारपण, घरातला मृत्यू यांचा विचार होतो. "मेलला उत्तर येईल असं वाटलं" हे कारण मी वकील म्हणून ग्राहक आयोगासमोर वाचून दाखवायला धजणार नाही.

विमा लोकपालाचा (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा) मार्ग तुमच्यासाठी बहुधा बंद झाला आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पुण्यात कार्यालय आहे. पण तिथे आधी कंपनीकडे लेखी गाऱ्हाणं मांडावं लागतं आणि त्याला नकार आल्यापासून एका वर्षात जावं लागतं. तुमचे मेल तक्रार निवारण अधिकाऱ्याला गेले होते की नुसत्या कस्टमर केअरला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते तपासा, पण त्या आशेवर आठवडे घालवू नका.

आता सायलेन्सर. पीयूसीच्या यंत्राला गाडी जागेवर सुरू असताना धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन कळतो, आवाज कळत नाही. १७५ सीसीवरच्या दुचाकीची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे आणि ती गाडी मंजूर होताना ठरावीक पद्धतीने तपासली जाते. त्यामुळे पीयूसीच्या कागदाने तुमचं काही सुटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परवानगीशिवाय करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. तुमचे बदल दोन आहेत, सायलेन्सर आणि फिल्टर. ध्वनी-वायू प्रदूषणाच्या मानकांसाठी कलम १९०(२) आहेच, त्यात दहा हजारांपर्यंत दंड आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन महिने लायसन्स अपात्र. आरसीवर सायलेन्सरचा रकानाच नसतो, मग आरसीतल्या तपशिलाशी विसंगती कुठे, असा एक युक्तिवाद रायडर मंडळींत फिरतो. ऐकायला बरा आहे. कलम १९०(२) ला तो लागू होत नाही. आणि सायलेन्सरच्या खोक्यावर "ऑफ-रोड वापरासाठी" असं छापलेलं असतं, ते खोकं फेकू नका. ते तुमच्या नव्हे, कंपनीच्या कामाचं आहे. पण पुरावा नष्ट केल्याचा ठपका नको.

तरीही, बदल बेकायदा म्हणून विम्याचा दावा आपोआप मरतो असं नाही. या बदलामुळे नुकसान झालं का, हे कंपनीला दाखवावं लागेल. नितीन खंडेलवाल (२००८) प्रकरणात खासगी गाडी टॅक्सी म्हणून वापरली होती आणि ती चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चोरीशी त्या वापराचा संबंध नाही, आणि नॉन-स्टँडर्ड तत्त्वावर, म्हणजे अट मोडली तरी दावा पूर्ण न फेटाळता काही भाग देण्याच्या तत्त्वावर, ७५ टक्के रक्कम मंजूर केली. अमलेंदू साहू (२०१०) मध्ये अपघाताच्या दाव्यातही तेच तत्त्व लावलं गेलं. तुमची मागणी याच वाटेने जायला हवी.

म्हणून तुमचं एस्टिमेट मी फाडून दोन भागांत वाचतो. फोर्क, हँडल, टाकी, हेडलाइट, पुढचं चाक : ४१ हजार. इंजिन : ५३ हजार. चाक शेवाळावरून सरकलं, त्यात सायलेन्सरचा किंवा फिल्टरचा हात कुठे? पहिल्या भागावर कंपनीकडे सांगण्यासारखं फार काही नाही. इंजिनाचं मात्र वेगळं. या जातीच्या गाड्यांत हवा आत घेण्याचं तोंड उंचावर आणि बंदिस्त ठेवतात, ते ओढे-नाले ओलांडता यावेत म्हणूनच. तुम्ही तेच काढलंत आणि गाडी आडवी होताच कोन फिल्टर थेट पाण्यात गेला. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं, पाणी दाबलं जात नाही, सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकला. हे मी मेकॅनिक म्हणून नाही, तुमच्याच गॅरेजच्या जॉबकार्डावरून सांगतो. त्यातून "दोनदा सेल्फ मारला" हे तुम्ही सर्वेअरला (नुकसानीची पाहणी करणाऱ्याला) स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिलं आहे. म्हणजे हे परिणामी नुकसान (थेट अपघाताने नव्हे, नंतरच्या कृतीने झालेलं), पॉलिसीबाहेरचं, असंही कंपनी म्हणणार. ५३ हजार मागा, मागायला हरकत नाही, पण मिळतील असं गृहीत धरून नवं इंजिन उधारीवर बांधू नका. पहिल्या भागाचे ७५ टक्के म्हणजे ३०,७५०. झीरो-डेप (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) नसेल तर प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा जाईल. हातात नेमकं किती पडेल, हे पॉलिसीची पूर्ण प्रत पाहिल्याशिवाय सांगणार नाही. तुम्ही मला फक्त पहिलं पान पाठवलं आहे.

दोन गोष्टी मला मुळीच आवडल्या नाहीत. नूतनीकरण करताना "वाहनात बदल केले आहेत का" या प्रश्नावर तुम्ही "नाही" ला टिक केली. घाईत केली असेल, पण विमा हा पूर्ण विश्वासाचा करार मानतात, आणि कंपनीचा सगळा भर त्या "नाही" वर राहील. तुमचं उत्तर एवढंच असू शकतं, की हा तपशील पहिल्या भागाच्या नुकसानीशी निगडित नव्हता आणि प्रस्तावाचा मूळ फॉर्म कंपनीने हजर करावा. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. दावा फेटाळल्यावर मूळ सायलेन्सर परत बसवून तुम्ही फोटो पाठवले आणि "गाडी मुळात अशीच होती" असं लिहिलं. सर्वेअरचे फोटो त्यांच्याकडे तारखेसकट आहेत. आता शपथपत्रात बदल सरळ कबूल करा, ते मेल चुकीचं होतं हेही लिहा, आणि वाद नुकसानीच्या कारणापुरता ठेवा. खोटं शपथपत्र करणार असाल तर दुसरा वकील बघा.

कामाला लागायचं तर सर्वेअरच्या अहवालाची प्रत कंपनीकडे लेखी मागा. ती द्यावी लागते. वकिलाची नोटीस आधी पाठवलीच पाहिजे असं बंधन नाही, तिच्या उत्तराची वाट पाहण्यात अजून महिना जाईल. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे साताऱ्यात, तक्रार करता येते. अधिकारक्षेत्र दाव्याच्या रकमेवर नाही, भरलेल्या प्रीमियमवर ठरतं, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य आहे. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होतं; शेवटच्या दिवशी पोर्टल चालेल यावर विसंबू नका.

किती वेळ लागेल? कायद्यात तीन महिने लिहिले आहेत. आयोगांतल्या रिकाम्या खुर्च्या आणि पुढे जाणाऱ्या तारखा बघता मी अशिलांना दोन-तीन वर्षं सांगतो आणि तरी कधी कधी खोटा पडतो. एक आधार आहे : कंपनीला लेखी म्हणणं मांडायला ३० आणि फार तर आणखी १५ दिवस, त्यापुढे नाही, असं घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी हिली मल्टिपर्पज प्रकरणात ठरवून दिलं आहे. नोटीस कंपनीला कोणत्या दिवशी पोचली त्याची नोंद स्वतः ठेवा. पंचेचाळीस दिवस उलटले की त्याच तारखेला, कंपनीचं म्हणणं आता स्वीकारू नये असा लेखी अर्ज आयोगाला द्या आणि पोच घ्या.